मुकादम हलेना

शनिवारी सकाळी दहा वाजता संयोगिता मॅडमनी नववीच्या मुलांनी बनवलेला खेळ शेवटचा तपासायला म्हणून उघडला, तर पडद्यावर ऊसतोड टोळीचा मुकादम हाताची घडी घालून उभा. काल संध्याकाळपर्यंत तो तिथं नव्हता.

"हा कोण?"

"मुकादम हाय मॅडम," प्रबुद्ध म्हणाला. खेळाचा प्रोग्राम त्याचा आणि चित्रं शिवांजलीची. "मटान दिल्याबिगार टोळी आनत न्हाई त्यो."

अकरा वाजता संस्थेचे अध्यक्ष आण्णा येणार होते. पोरं कॉम्प्युटरवर नुसती खेळत बसतात, अशी एका पालकाची तक्रार त्यांच्यापर्यंत गेली होती, आणि संस्थेच्या वाईच्या शाळेला कॉम्प्युटर हवेच होते. मुख्याध्यापक पाटणकर सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की आण्णांना आज पटलं तर ठीक, नाहीतर सोमवारी सहाही कॉम्प्युटर टेम्पोत चढणार. मलकापूरच्या या खोलीत ते सहा कॉम्प्युटर यावेत म्हणून मॅडमनी तीन वर्षं अर्ज केले होते. ते गेले, की पुन्हा फळ्यावर बाण काढून घर्षण शिकवायचं आणि मागच्या बाकांनी झोपा काढायच्या.

खेळ तसा साधा होता. ट्रॉलीत ऊस भरायचा आणि ट्रॅक्टर घाट चढवून कारखान्यावर न्यायचा. वजन, चढ, घर्षण आणि बल यांचा मेळ बसला तरच ट्रॅक्टर वर पोचायचा. ऊस जास्त भरला तर त्याची पुढची चाकंच उचलायची. हा खेळ बनवता बनवता मुलांना सगळा धडा समजला होता. एरवी घंटेकडं डोळे लावून बसणारा वर्ग "मॅडम, चढ आजून वाढवू का?" असं विचारायला लागला होता. मॅडमना त्याचं इतकं कौतुक, की घरी नवऱ्याला रोज जेवताना तेवढंच ऐकावं लागे.

"अरे, पण मटण कशाला घातलंस?"

"तुमीच म्हनला व्हता, खेळ खऱ्यावानी पायजे. आमच्यात टोळी आली तवा आईनं दोनदा रस्सा केलाय."

आण्णा कारखान्याचे संचालकही होते. पंधराच दिवसांपूर्वी त्यांनी भर सभेत सांगितलं होतं, की आपल्या कारखान्याची टोळी शेतकऱ्याच्या घरचा चहासुद्धा घेत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मॅडमनीही वाजवल्या होत्या.

"काढा ते मटण. आत्ताच्या आत्ता!"

शिवांजलीनं मटण काढलं. पण प्रबुद्धनं गणितच असं घातलं होतं, की जितके किलो मटण तितके जास्त तोडकरी, आणि जितके तोडकरी तितका ऊस. मटण गेलं, त्यासरशी तोडकरी गेले आणि ऊसही गेला. रिकामी ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर जो सुटला, तो घाट ओलांडून पडद्याबाहेरच निघून गेला.

"कुठं गेला?" मॅडमनी घाबरून विचारलं.

"पाटनच्या फुडं गेला आसंल," शिवांजली म्हणाली.

साडेदहा वाजले होते. सगळा प्रोग्राम नव्यानं बसवायला वेळ नव्हता. मॅडमना घाम फुटला आणि त्या घामातच एक युक्ती सुचली. गणित आहे तसं राहू द्यायचं, फक्त मटणाच्या पातेल्याचं चित्र बदलायचं.

"शाल-श्रीफळ घाला. मुकादमाचा सत्कार! श्रमाचा सन्मान, असं सांगू आपण."

सत्काराला कुणी नाही म्हणत नाही, हा त्यांचा अनुभव होता. शाळेच्या कुठल्याही कार्यक्रमात आधी सत्कार व्हायचे आणि वेळ उरला तर कार्यक्रम. शिवांजलीनं दहा मिनिटांत पातेल्याची शाल केली.

आण्णा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. अकरा म्हणजे त्यांच्या लेखी पावणेअकरा. पाटणकर सर पुष्पगुच्छ घेऊन पुढं झाले.

"त्ये ऱ्हाऊ द्या. आदी रिपोर्ट," म्हणत आण्णांनी खुर्ची ओढली आणि स्वतःच माऊस धरला. मॅडमनी खेळ समजावून सांगितला. आण्णांनी बाण शालीवर नेऊन बोट दाबलं. मुकादमाच्या खांद्यावर शाल आली. मॅडमनी श्वास सोडला.

तेवढ्यात मुकादम बोलला. प्रबुद्धच्या आवाजात आणि खणखणीत.

"मालक, मीठ कमी पडलंय."

चित्र बदललं होतं, आवाज बदलायचा राहून गेला होता. आण्णांनी मुकादमाकडं निरखून पाहिलं आणि दुसरी शाल दिली.

"हां, आता कसं झनझनीत लागतंय! पर नळी कुठाय?"

"मॅडम," आण्णा सावकाश म्हणाले, "ह्यो शाल खातोय व्हय?"

"ते... श्रमाचा सन्मान..." मॅडमचं वाक्य तिथंच बसलं.

प्रबुद्ध उभा राहिला. "आवं आण्णा, त्ये मटान हाय. तुमी यायच्या आदी घाईनं शाल घातली. चूक माजी हाय."

पाटणकर सर, आपला या खोलीशी काही संबंध नसल्यासारखे, दाराकडं सरकले. आण्णांनी माऊस सोडून मुकादमाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तेवढ्या वेळात मॅडमनी मनातल्या मनात सहाही कॉम्प्युटर टेम्पोत भरून वरून दोरीसुद्धा बांधली.

"मटान परत घाला," आण्णा म्हणाले.

"अं?"

"आवं, माज्या दोन एकर उसाला तुरं आल्यात, वाळाय लागलाय त्यो. टोळीला तीनदा जेवान घातलं, तवा काल कोयता लागला. नुसत्या शालीवर मुकादम हलत आसता, तर दुकानच घातलं आसतं शालींचं!" मग त्यांना पाटणकर सर दिसले. "ह्ये भाईर बोलायचं न्हाई."

मटण परत आलं. आण्णांनी एकदम सहा किलो दिलं. ट्रॉली शिगोशीग भरली आणि घाटाच्या पायथ्यालाच ट्रॅक्टरनं पुढची चाकं उचलली.

"च्यायला! का उचलला?"

"मागं भार लय झाला, आण्णा," शिवांजलीनं वहीवर काढून दाखवलं. तिला मदत करायला अख्खा वर्ग खुर्चीभोवती गोळा झाला. दुसऱ्या खेपेला चाकं घसरली. पाचव्या खेपेला आण्णाच विचारत होते, "घर्षन किती धरलंय?" साताऱ्यातल्या बैठकीची आठवण करून द्यायला ड्रायव्हर दोनदा आला आणि दोन्ही वेळा हाकलला गेला. एक वाजता ट्रॅक्टर घाटमाथ्यावर पोचला, तेव्हा आण्णांनी उठून टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास! कॉम्प्युटर हितनं हलनार न्हाईत. पोरं शिकत्यात, मी सवता बघितलं."

पोरांनी खोली डोक्यावर घेतली. मॅडमचे डोळे भरून आले. सकाळपासून पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसल्या.

"पण आण्णा," पाटणकर सर हळूच म्हणाले, "सोमवारी वाईला काहीतरी पाठवतो म्हणून आपण शब्द दिलाय."

"व्हय की." आण्णा पायात चपला सरकवत दारात थांबले. त्यांनी खोलीवरून एकदा नजर फिरवली. ती सहा कॉम्प्युटरवरून गेली, पंख्यावरून गेली आणि मॅडमवर येऊन थांबली.

"मॅडम," त्यांनी मोठ्या मायेनं विचारलं, "तुमचं सामान किती हाय?"