साठवण क्रमांक अकरा

दुपारी तीन वाजता, घर निजलेले असताना, मोरीतला नळ घुरघुरला. म्हणजे पाणी यायला अजून पाऊण तास आहे. तेवढ्यात हे लिहून होईल.

माणसाने विसरावे आणि यंत्राने लक्षात ठेवावे, ही प्रगतीची खूण आहे. सातपूरच्या आमच्या कामगार नाट्यमंडळात ही प्रगती १९८३ साली लाकडी खोक्यातून आली. त्याआधी माझे यजमान देवराम रंगमंचावरचे दिवे दोन हात, एक कोपर आणि (तिसऱ्या अंकात) हनुवटी लावून चालवत. नव्या यंत्राला चोवीस बटणे. एकेका बटणात हुकमांची रांग साठवायची: निळा वाढव, पिवळा उतरव, खिडकीतला पेटव. मग प्रयोगात एक बोट दाबले, की सगळे आपोआप ओळीने. माहितीपत्रकात याला मॅक्रो म्हटले होते. मंडळाने ठराव करून साठवण म्हटले.

कोणत्या बटणात काय आहे हे यंत्र सांगत नाही, म्हणून वही आली. वही आली म्हणून साठवण उपसमिती आली (सदस्य सात, त्यांत यंत्र चालवता येणारे देवराम एकटे, त्यांना मताचा अधिकार नाही).

उपसमितीचा कारभार चोख आहे. चोवीसही बटणे भरलेली. सूर्योदय पाच, कारण प्रत्येक दिग्दर्शकाचा सूर्य निराळा उगवतो. विजा चार. सतरामध्ये काय आहे कुणालाच ठाऊक नाही. एकदा चुकून दाबले तेव्हा ठार अंधार झाला आणि प्रकाशयोजनेचे दुसरे बक्षीस मिळाले, तेव्हापासून ते परंपरा म्हणून जतन केले आहे. सहा क्रमांक सत्काराचा: झाडून सगळे दिवे, पूर्ण. त्याला लागून सातवर मृत्यू.

यंदाच्या स्पर्धेत दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाप मरतो. बापाचे काम पुंजाभाऊंकडे. ते युनियनचे जुने पुढारी, वर्षाकाठी वीसेक सत्कार ठरलेले. बाप मेला, देवरामांचे बोट एका घराने घसरले, सत्कार लख्ख पेटला, आणि मयत पुंजाभाऊ उठून हात जोडून उभे राहिले. मान जराशी पुढे, हारासाठी. उशाशी रडणाऱ्या मुलाने टाळ्या वाजवल्या. (सवय.)

तातडीची बैठक झाली. अध्यक्ष सहादूअण्णा म्हणाले, "चूक पुंजाची नाय, देवरामच्या बोटाची बी नाय. चूक शेजाराची हाय." ठराव एकमताने: मृत्यू आणि सत्कार यांच्यामध्ये एक बटण कायम रिकामे ठेवावे.

रिकामे करायचे तर एक साठवण पुसणे आले. आणि जिच्या मालकाची तीन प्रतींत लेखी संमती नाही ती साठवण पुसता येत नाही. चिटणीस सावळीराम सायकल घेऊन फिरले. झुंबरराव म्हणाले, "माझा सूर्य सोडून बाकीचे पुसा." बाकीच्या चौघांनी हेच निराळ्या शब्दांत सांगितले. विजांच्या मालकांपैकी दोघे बदली होऊन मालेगावला, एक सिन्नरला, चौथा मंडळाशी बोलत नाही. सतराचा मालक अज्ञात, सबब संमती अशक्य. मृत्यू आणि सत्कार तर सगळ्यांचेच.

अशा काटेकोर छाननीनंतर, दिवसभर घरी सापडेल असा एकच मालक उरला.

"वहिनी, अकरा नंबर तुमचाच ना?"

माझाच. आमची मुलगी छबी व्हायच्या आधीचे नाटक. शिफ्टवरून आलेली बाई दारात चप्पल काढते आणि उंबऱ्यावर बसते, बोलत नाही. एकेक दिवा उतरत जातो आणि तिच्या पायांवरचा पिवळा तेवढा राहतो. चाळीस सेकंद. ते चाळीस सेकंद बसवायला देवरामांना बारा संध्याकाळी लागल्या. वहीत त्यांनी लिहिले, "सौ.चा उजेड".

"तुम्ही आता कुठं काम करताय नाटकात," सावळीराम चहा फुंकत म्हणाले. "नुसतं जागा अडवून बसलंय ते."

"पुसल्यावर तिथं काय येणार, भाऊजी?"

"दहा येईल अकरावर, नऊ दहावर. असं सरकवत सरकवत सात मोकळं करायचं."

"आणि सातात?"

"काय नाय. मोकळंच ठेवायचं ना. ठराव हाय."

देवराम छताकडे पाहत होते (तिथे दिवा एकच, चाळीसचा). "वहीत नोंद राहील की," ते म्हणाले. "खोडणार नाही मी."

निर्णयात तर्काचा काही दोष नाही, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. वाचकांना हसू येत असेल तर त्यांनी हसावे. हसून झाल्यावर, आपल्या घरात जागा लागली तेव्हा सगळ्यांत आधी कुणाचे पुसले, ते वहीत बघावे. वही सापडत नसेल तर जिचे पुसले तिलाच विचारावे. ती पाण्याच्या वेळेला घरीच असते.

दोन प्रतींवर सही झाली आहे. तिसरी समोर आहे.

नळ आला. छबी डोळे चोळत उठली, मांडीवर येऊन बसली आणि कागदावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय गं?"

"यात आईचा उजेड आहे. तो पुसायचाय."

मोरीत बादली भरून वाहायला लागली.

"मग आई, तू दारात येऊन बसलीस, तर कुणाला दिसशील का?"