सिद्रामअण्णांचा पाळण्यांचा नकाशा

सोलापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेत पाहुणा आला की लोक आधी पाणी विचारतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे सिद्रामअण्णा आधी पाळणा विचारतात. "लहानपणी आईनं काय म्हणून निजवलं? म्हणून दाखवा की." मीटर वाचायला आलेल्या माणसाचीही यातून सुटका नाही.

अण्णांच्या भिंतीवर शाळेतून मोडीत निघालेला जिल्ह्याचा नकाशा आहे. पाळणा मराठी निघाला की त्या गावाला लाल पेन्सिल, कानडी निघाला की हिरवी, तेलुगू निघाला की निळी. "सरकारची सरहद्द कागदावरची. खरी सरहद्द पाळण्यात कळती," असं त्यांचं म्हणणं. अडचण एवढीच, की ही खरी सरहद्द एका जागी ठरत नाही. मागच्या महिन्यात एका म्हातारबुवांनी मध्येच कानडी कडवं घातलं आणि सीमा सात गावं वर सरकली. शब्द मराठी आणि चाल कानडी असला काही प्रकार आला, की अण्णा दोन्ही पेन्सिली घासतात. त्या पट्ट्यात कागदाला भोकं पडलीत. मागच्या खोलीत कानडी भाडेकरू आला, तेव्हा तर त्यांनी सीमा थेट आमच्या जिन्याखाली आणली. दोन दिवस मी परराज्यात उतरून दूध आणत होतो.

माझी बायको माढ्याची. लग्नानंतर पहिल्यांदा अण्णांकडे गेली, तेव्हा तिला फक्त "जो जो" आठवलं.

"जो जो धरत न्हाय आमी," अण्णा म्हणाले. "मराठीत जो जो, कानडीत जो जो, तेलुगूतबी जो जोच. पुढचं म्हणा."

बिचारीनं माहेरी फोन लावून कडवं मिळवलं, तेव्हा कुठे माढा लाल झाला.

नकाशावर एक गाव मात्र कोरं होतं. अक्कलकोटच्या खालचं, अण्णांचं स्वतःचं. "काय अण्णा, दिव्याखाली अंधार?" मी एकदा चिडवलं. अण्णा हसले नाहीत.

"मी वर्साचा असताना आई गेली. ती माढ्याकडची, घर कानडी. मला कशात निजवलं, कुणाला ठाव?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

परवा त्यांच्या गावच्या गंगव्वा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोलापुरात आल्या. नव्वदीच्या, अण्णांच्या घराला लागूनच आयुष्य काढलेल्या. अण्णांनी मला साक्षीला बोलावलं आणि लाल-हिरवी पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर ताठ बसले.

"तुजी आई व्हय," गंगव्वा म्हणाल्या. "तिला कानडी येत न्हवतं. मराठीत म्हटलं की सासू हसायची. मग काय करंल? नुसतं जो जो म्हणायची. पुढं कायबी न्हाय."

अण्णांनी दोन्ही पेन्सिलींकडे पाहिलं आणि त्या खाली ठेवल्या.

"म्हणून दाखवता, अव्वा?"

गंगव्वांनी म्हणून दाखवलं. अण्णा, वय वर्षे एकाहत्तर, म्हणाले, "अजून एकदा." असं तीनदा झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

गाव अजून कोरंच आहे. काल गॅसची टाकी खांद्यावर घेतलेल्या माणसाला अण्णांनी दारात गाठलं. त्याला जो जोच्या पुढे काही आठवेना. आता हा टाकीसकट अडकणार, म्हणून मी मध्ये पडायला दोन पायऱ्या उतरलो. पण अण्णांनीच टाकीला हात लावून ती खाली उतरवून घेतली.

"असू दे," ते म्हणाले. "पुढचं न्हाय आटवलं तरी चालतंय."