तीन खणांचा माणूस

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पण आमच्या घरमालक आबांबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि चाळीत दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

आबा नव्या भाडेकरूला आधी आधार कार्ड मागत नाहीत. विचारतात, "तुमी कशापायी लढलात?"

आम्ही परभणीकडून चाकणला आलो तेव्हा मलाही विचारलं. मी घाबरले. म्हटलं, "आम्ही भांडखोर नाही हो. तिकडं सगळ्यांशी गोडीनं होतो."

आबा खट्टू झाले. "मग खालच्या खणात काय कोरायचं तुमच्या?"

हे खणाचं प्रकरण मला दोन दिवसांनी कळलं. खोल्यांसमोर, गाड्या लावतात तिथं, एक उभा दगड आहे. वीरगळ म्हणतात. लढाईत पडलेल्या माणसासाठी पूर्वी असे दगड उभारायचे. त्यावर एकावर एक तीन खण. खालच्यात लढाई, मधल्यात अप्सरा त्याला उचलून नेतात, वरच्यात तो कैलासात महादेवापाशी बसलेला. आमच्या दगडावर इतका शेंदूर चढला होता की माणूस कुठला आणि महादेव कुठला, काही दिसत नव्हतं. आबांना मात्र सगळं दिसायचं.

"आमचा पूर्वज. चोरांनी गावाची गुरं पळवली, ह्यो एकटा मागं गेला. डावखुरा गडी. आन मागनं त्याचं लंगडं कुत्रं."

रोज कुणाला ना कुणाला ही गोष्ट ऐकावी लागायची. शिवाय आबा प्रत्येक माणूस तीन खणांत बसवत. तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर चढवणाऱ्याचा जिना हा खालचा खण, आणि त्याला पाणी देणारी मी मधल्या खणातली अप्सरा. मी लाजून घरात पळाले. वरच्या खोलीतला गणेश कंपनीतल्या साहेबाबद्दल कुरकुर करायचा. त्याला आबा म्हणाले, "जाऊ दे राव. तुझा सायब मधल्या खणातच अडकणार. अप्सरांना उचलायचा न्हाई त्यो."

एकदा मेथी निवडताना मी विचारलं, "आबा, असे दगड गावोगाव आहेत. सगळे सारखेच कसे?"

आबांना इतका आनंद झाला, की माझी मेथी अर्धी तेच निवडू लागले. "पाथरवट हुशार. कैलास आन अप्सरा तो आधीच कोरून ठेवायचा. माणूस मेला, की खालचा खण तेवढा त्याच्या मापानं."

"म्हणजे स्वर्ग सगळ्यांना एकच?"

"व्हय. माणूस कोन हुता ते खालीच कळणार. म्हणून ते नीट सांगावं लागतंय."

यावर मी बरेच दिवस विचार केला.

मग पंचायतीनं ठरवलं, गल्ली काँक्रीटची करायची आणि दगड धुऊन चौथऱ्यावर बसवायचा. आबा आडवे आले. "धुतला तर आमचा माणूस जाईल." लोक म्हणाले, म्हातारा जागेसाठी अडून बसलाय. मला मात्र कोडं पडलं. धुतल्यानं जाईल असा कसला माणूस?

शेवटी दगड धुतलाच. शेंदराचे पोपडे भिंतीच्या गिलाव्यासारखे निघाले. खाली सुरेख माणूस, हातात ढाल-तलवार, मागे तीन गाई. तलवार उजव्या हातात. कुत्रं कुठंच नाही.

गणेश म्हणाला, "आबा, कुत्रं रजेवर गेलं का?"

सगळे हसले. मीही हसले. आबा घरात गेले.

चार दिवस त्यांनी कुणाला गोष्ट सांगितली नाही. नवीन भाडेकरू फ्रिज घेऊन आला, तर त्याचं आधार कार्ड मुकाट्यानं पाहून किल्ली दिली. मला राहवेना. दुपारी पिठलं-भाकरी घेऊन गेले.

ताटाकडं बघत ते म्हणाले, "आमचा सदा डावखुरा हुता."

सदा त्यांचा धाकटा भाऊ. तरणाताठा. भामा नदीला पूर आला तेव्हा कुणाची तरी म्हैस वाहत चालली होती, सदानं उडी घेतली. म्हैस निघाली, सदा निघाला नाही.

"लोक म्हणले, दुसऱ्याच्या म्हशीपायी मेला, येडा. मी कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. काठावर त्याचं कुत्रं तेवढं बसून हुतं." आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "त्याला कोन दगड लावणार? म्हणून ह्याच्यात ठेवला हुता. शेंदराखाली कोन बघतंय?"

मी विचारलं, "वरचा खण पाहिलात का तुम्ही?"

"न्हाई." ताट बाजूला सारून म्हणाले, "तिथंबी एकटाच असला तर?"

मी त्यांना बाहेर घेऊन गेले. स्कूटर बाजूला केली. दगड उन्हानं तापला होता. वर पिंड होती, तिच्यासमोर हात जोडून बसलेला माणूस, आणि त्याच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, आणखी एक जण. पुजारी असेल. मी तसं म्हटलं नाही.

"दोघं आहेत, आबा."

आबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला. त्या दुसऱ्या माणसावर बोट ठेवून उभे राहिले.

"कोण असेल हा?" मी विचारलं.

"थोरला दिसतोय," आबा म्हणाले.