न पाठवलेल्या घड्याळाचे आभार

या खेपेस राजाराम इंग्रजीत नापास होणे शक्यच नव्हते! तसे खुद्द तात्यांनीच जाहीर केले होते. चाळीतले हे तात्या त्याला इंग्रजी शिकवत, आणि आयुष्यभर गिरणीच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी मांडत बसले होते. त्यामुळे त्यांनी एखादी गोष्ट जाहीर केली, की अख्खी चाळ ती रजिस्टरात चढल्यासारखी मानीत असे.

राजाराम मॅट्रिकच्या सगळ्या विषयांत पास होता. एकट्या इंग्रजीने त्याला तीनदा दारातून परत पाठवले होते. गिरणीत तो बदली कामगार होता, आणि संपाला आता दुसरे वर्ष लागले होते. भोंगा थांबल्यापासून दिवसाला कडाच उरल्या नव्हत्या. सकाळ कुठे संपते आणि दुपार कुठे सुरू होते, हे त्याला खिडकीत बसून उमगेनासे झाले होते. अशात त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने, दौलतने, शिवडीच्या गोदामातून निरोप आणला. "माल मोजणाऱ्या कारकुनाची जागा आहे. शेठ जानेवारीपर्यंत थांबेल. मॅट्रिकचं सर्टिफिकेट आण, खुर्ची तुझी!"

परीक्षा ऑक्टोबरात होती.

"पत्रलेखन!" तात्या म्हणाले. "दहा गुण तिथेच पडलेले असतात, फक्त वाकून उचलायचे. काकांनी वाढदिवसाला मनगटी घड्याळ पाठवलं, त्यांचे आभार. हे पत्र हमखास येतं. पण खोट्या काकाला लिहिलंस तर भावना खोटी उतरेल. खरा काका, खरा पत्ता, खरं अंतर्देशीय पत्र!"

राजारामाचा वाढदिवस कधी साजरा झाला नव्हता. तो शिमग्याच्या मागेपुढे केव्हातरी येतो, एवढेच आईला ठाऊक होते. पण भावना खरी उतरावी म्हणून तो डोळे मिटून बसला. आपल्या मनगटावर घड्याळ आहे, ते गार लागते आहे, अशी त्याने कल्पना केली आणि कणकवलीजवळच्या गावी राहणाऱ्या धोंडूकाकांना असे काही सुंदर पत्र लिहिले, की ते वाचून त्याला स्वतःलाच भरून आले. पत्र उशाखाली ठेवून तो व्याकरणाकडे वळला.

गणपती झाले. आणि एके सकाळी खुद्द धोंडूकाका दारात उभे!

"काय रे बाबा," काका पिशवी खाली न ठेवताच म्हणाले, "घड्याळ गावला?"

"कसलं घड्याळ?"

"मी धाडलेला."

"तुम्ही मला घड्याळ पाठवलंत?"

"मी खंय धाडलंय? तूच लिवलंस ना!"

"मी कधी लिहिलं?"

काकांनी बंडीच्या खिशातून अंतर्देशीय पत्र काढले. राजारामाने ते ओळखले आणि त्याच्या पायांखालची फरशी दोन बोटे खाली गेली. तेवढ्यात आतून आई, राधाबाई, हात पुशीत आली.

"पोचला मां पत्र? उशाखाली पडलेला. म्हटलं, ह्यो धाडूचा इसारलो. चाळीतलो दत्तू गणपतीक गावाक जाय होतो, तेच्या हातात दिलंय."

मग काकांनी सगळे सांगितले. इंग्रजी पत्र पाहून घरात आधी रडारड झाली. कारण त्या घरात इंग्रजी मजकूर आजवर फक्त तारेने आला होता, आणि तारेने कधी बरे आले नव्हते. शेवटी शाळेच्या गुरुजींनी ते देवळात, आरतीनंतर, साऱ्या गावासमोर वाचले. संपाच्या दिवसांत मुंबईच्या पुतण्याला घड्याळ पाठवणारा काका! लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी आरतीचे ताट काकांच्या हाती आले.

"आता इतक्या माणसांत मी नाय कसा म्हणू?" काका कळवळून म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेले एक घड्याळ काढले. "दादरच्या फुटपाथवर घेतलंय. कोणी इचारल्यान तर आधीच इलेला म्हण. आणि मेल्या, परत माझे आभार मानू नको!"

घड्याळ खरोखरच गार लागत होते. राजारामाला हसावे की रडावे ते कळेना.

पण चाळीच्या भिंती त्या काय! दुपारपर्यंत सर्वांना एक शोध लागला होता. इंग्रजीत आभार मानले, की वस्तू येते!

पहिल्या आल्या शेजारच्या पुतळाबाई. "राजा, माझ्या मामांचे पण आभार मान बघू. शिलाईच्या मशीनबद्दल."

"मामांनी मशीन दिलं?"

"अजून नाय. आभार पोचले की देतील!"

"पण हे बरोबर नाही, पुतळाबाई."

"काकाचं घड्याळ बरं बरोबर होतं?"

राजारामाने कागद पुढे ओढला. तो मूळचा भिडस्त. नकाराचे शब्द त्याच्या ओठांपर्यंत येत आणि तिथून, रांगेत मागून आलेल्या माणसासारखे, पुन्हा मागे जात. पुतळाबाईंच्या पाठोपाठ विठोबा आला. त्याला सासऱ्यांचे रेडिओबद्दल आभार मानायचे होते. कुणाला मेहुण्याच्या सायकलीबद्दल, तर कुणाला चुलत्याने न पाठवलेल्या दोन पोती तांदळाबद्दल. सगळे एकाच गावचे, सगळ्यांचे काका-मामा एकाच देवळात आरतीला जाणारे!

राजाराम तात्यांकडे धावला. "तात्या, हा खोटेपणा आहे हो."

"खोटेपणा कसला? सराव आहे हा सराव! घड्याळाच्या जागी रेडिओ घाल. बाकी भावना तीच."

आठवड्यात तेवीस पत्रे टपालात पडली. उताऱ्यावरचे प्रश्न राहिले, निबंध राहिला. राजारामाला आता जगात सगळीकडे आभारच दिसू लागले. नळाला पाणी आले तरी त्याच्या मनात इंग्रजी वाक्य जुळू लागे.

पेपरला दोन दिवस उरले असताना, गणपतीला म्हणून गेलेला आणि तिकडेच रेंगाळलेला दत्तू परतला. त्याच्या पिशवीत शिलाईचे मशीन नव्हते. रेडिओ नव्हता. तेवीस पत्रे होती! सगळी इंग्रजीत, सगळी गुरुजींच्या एकाच वळणदार हस्ताक्षरात. गॅलरीत राजारामाला मध्ये बसवून चाळ भोवती जमली.

"माझं आधी वाच," पुतळाबाई पदर सावरीत म्हणाल्या. "काय म्हणतात मामा?"

राजारामाने पत्र एकदा वाचले. पुन्हा वाचले.

"ते... तुमचे आभार मानतात."

"माझे? कशाबद्दल?"

"त्यांच्या मुलीच्या लग्नाला तुम्ही पाठवलेल्या सोन्याच्या बांगड्यांबद्दल."

पुतळाबाईंनी आपल्या हातातल्या काचेच्या बांगड्यांकडे पाहिले.

"विठोबाचं वाच," कोणीतरी खोल आवाजात म्हणाले.

सासऱ्यांनी विठोबाचे आभार मानले होते. घरावर घातलेल्या नव्या कौलांबद्दल. आणि गुरुजींनी ही सारी पत्रे पाठवण्याआधी देवळात वाचून दाखवली होती!

"तूच कायतरी उलटं लिवलं असणार!" विठोबा उसळला. "आता मी कौलं कुठून आणू?"

"लिही उलट उत्तर! आताच्या आता लिही!" पुतळाबाई ओरडल्या.

"काय लिहू?"

"ते तुला माहीत! इंग्लिश तुझं चाललंय!"

मात्र इंग्रजी चालले नव्हते. पेपरच्या सकाळपर्यंत राजाराम खुलाशाची पत्रे लिहीत होता. 'बांगड्या मी पाठवल्या नाहीत' या साध्या वाक्याचीही सुरुवात त्याच्या हातून आभारानेच होई, आणि मग पुढचे सगळे वाक्य त्या दिशेला वाहत जाई. परळच्या शाळेत, तिसऱ्या बाकावर, तो बधिर होऊन बसला. प्रश्नपत्रिका आली. त्याने लिहिले, खूप लिहिले, आणि घंटा झाल्यावर बाहेर आला. फाटकाशी तात्या उभे होते.

"पत्र कुठलं आलं?"

"महापालिकेला. गल्लीत साठलेल्या कचऱ्याची तक्रार."

"अरे, सोपं! काय लिहिलंस?"

राजारामाने प्रश्नपत्रिकेची बारीक घडी घातली.

"आभार मानले."

"कशाबद्दल?"

"कचऱ्याबद्दल. इतका सुंदर, इतका भरपूर, आणि तोही न मागता पाठवलात म्हणून. तो पाहिला की मला रोज तुमची आठवण येते, असंही लिहिलं."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते लालबागच्या वाटेला लागले.

निकाल लागला. इंग्रजीत एक्केचाळीस! चाळीने तोंडात बोटे घातली. पण तात्या क्षणभरही गोंधळले नाहीत. "उपरोध!" ते गॅलरीत उभे राहून गरजले. "याला उपरोध म्हणतात! परीक्षक नक्की गिरणगावातला असणार, कचऱ्याशेजारी राहणारा. वाचून रडला असेल तो! पोराने महापालिकेला काय फटकावलंय!"

आपण मुळीच फटकावले नव्हते, अगदी मनापासून आभार मानले होते, हे सांगण्याइतका धीर राजारामाला त्या दिवशी झाला नाही. पुढेही झाला नाही.

जानेवारीत तो शिवडीच्या गोदामात रुजू झाला. दौलतने त्याची ओळख करून दिली, "शेठ, हाच तो! इंग्रजीत असा टोमणा मारतो, की समोरचा आयुष्यात विसरणार नाही."

शेठ खूश झाले. माल फोडणाऱ्या, भिजवणाऱ्या आणि उशिरा पोचवणाऱ्या आठ वाहतूक कंपन्यांची यादी त्यांनी राजारामापुढे सरकवली. "एकेकाला असं झणझणीत पत्र लिही!"

राजारामाने टोपण काढले, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत तो त्या तारखेकडेच पाहत बसला.