टोकूची गाडी आणि अ तुकडी

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती. जंगलात शाळा कशाला, असं विचारू नका. टोकूनं विचारलं होतं. तिचं पुढं काय झालं, तेच सांगते.

टोकू ही सायाळबाईंची एकुलती एक मुलगी. सायाळ माहीत आहे ना? पाठीवर लांब लांब काटे असतात ती. आणि ते सगळे काटे मागं झुकलेले असतात. हे नीट लक्षात ठेवा. सायाळबाईंच्या लक्षात राहिलं नाही.

एक दिवस बगळेसरांनी नोटीस लावली. "प्रकल्प. गोल धावपट्टीवरच्या शर्यतीच्या नव्या स्टॉक कारची हुबेहूब प्रतिकृती. माप, खऱ्या गाडीचा चौथा हिस्सा. मुलांनी स्वतः करावी. पहिल्या नंबराला अ तुकडी. बाकी सगळे ब."

मुलांनी स्वतः करावी, हे वाचल्याबरोबर सगळ्या आया कामाला लागल्या.

ब तुकडी लांब त्या वडाखाली बसायची. तिथं बसलेल्या मुलांचं पुढं काही होत नाही, असं आयांच्या ग्रुपवर आलं होतं. चार वेळा आलं होतं, म्हणजे खरंच असणार. सायाळबाईंनी पदर खोचला.

"आई, मी करू?" टोकू म्हणाली.

"तू पाढे म्हण. तुझा प्रकल्प आहे, मध्ये मध्ये करू नकोस."

सायाळबाईंनी मोबाइलवर फोटो मोठे करकरून पाहिले. बांबूचा सांगाडा केला. त्यावर लाखेचा थर दिला, तीनदा घासला. इंजिनाला आठ सिलिंडर असतात, म्हणून बोरूच्या आठ कांड्या अगदी एकसारख्या कापल्या. चाकांना पाच पाच नट लावले. मग कळलं, नव्या गाडीच्या चाकाला मधोमध एकच नट असतो. वीस नट उपटताना बाईंना रडू आलं. पण उपटले.

गाडीवर जाहिराती असतात. त्याही रंगवल्या. 'मुंगळे यांचा डिंक, चिकटला की चिकटला.' 'कोल्हे क्लासेस, पहिला नंबर हमखास.'

आता राहिला पिंजरा. या गाडीत ड्रायव्हरभोवती नळ्यांचा पिंजरा असतो. एवढ्या सरळ आणि बारीक नळ्या जंगलात आणायच्या कुठून? बाईंनी आपल्या पाठीचे चाळीस काटे उपटले आणि पिंजरा बांधला.

"आई, दुखलं का गं?"

"पाढे."

टोकू गाडीभोवती फिरून आली. "आई, हे दिवे लागत नाहीत."

"ते चित्र आहे. खऱ्या गाडीलासुद्धा दिव्यांचं चित्रच असतं."

"दार उघडत नाही."

"खऱ्या गाडीचंही उघडत नाही. खिडकीतून आत जायचं. मग खिडकीला जाळी लावायची."

"मग ही गाडी करते काय?"

"डावीकडे वळते."

"मग?"

"परत डावीकडे."

"आणि पोचते कुठं?"

"निघाली तिथंच."

"मग घरीच बसू या की," टोकू म्हणाली. सायाळबाईंनी तिला सतराचा पाढा उलटा म्हणायला लावला.

प्रदर्शनाचा दिवस आला. गाडी चालत नव्हती, त्यामुळे डोक्यावरून न्यावी लागली. ओढ्यात बाईंचा पाय घसरला. गाडी वाचली, पण आत बसवलेला मातीचा ड्रायव्हर विरघळला.

ड्रायव्हर नाही तर हुबेहूब नाही. हुबेहूब नाही तर अ तुकडी नाही.

"टोकू, राणी, पाच मिनिटं आत बसतेस?"

"मी?"

"पाच मिनिटं फक्त. मग काढते तुला."

टोकू डोकं आधी घालून खिडकीतून आत गेली. सुळकन गेली. काटे मागं झुकलेले ना! बाईंनी तिला टोपी घातली, पट्टे बांधले, जाळी लावली.

शाळेत रानडुकरीण भेटली. "अगं बाई, सायाळबाई, किती बारीक झालात! डाएट का?"

"तुमची गाडी कुठाय?"

रानडुकरिणीनं एक बेलफळ दाखवलं. "आमच्या पोरानं केलंय. मला कुठला वेळ! पण पळतं हं." आणि तिनं ते सोडलं. ते गडगडत फाटकापर्यंत गेलं. बगळेसरांनी त्यावर तिथल्या तिथं ब लिहिलं.

तपासायला पाहुणे म्हणून बैलबुवा आले होते. जन्मभर तेलाच्या घाण्याभोवती गोल फिरलेले, त्यामुळे या शर्यतीतले तेच जाणकार. ते सायाळबाईंच्या गाडीपाशी थांबले. नट पाहिले. कांड्या मोजल्या. मग जाळीतून आत डोकावले.

आत टोकूला बाहेर यायचं होतं. ती मागं सरकली. तिचे काटे आईच्या काट्यांत अडकले. पुढं जागा नव्हती, मागं काटे. ती रडायला लागली.

बैलबुवांचा आवाज बदलला. "बगळेसर, ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आहे हो! अगदी खरं. मी असाच फिरायचो. कुणी आत पाहिलं नव्हतं."

"पण तो हलतोय," बगळेसरांनी चोच आत घातली. "सायाळबाई, जिवंत तर नाही ना? जिवंत असेल तर प्रतिकृती बाद. ब तुकडी."

सगळ्या आया वळून पाहायला लागल्या.

"आई," आतून बारीक आवाज आला.

सायाळबाईंनी तोंड उघडलं. लांब वडाखाली ब तुकडीची पोरं बेलफळामागं धावत होती.

"आवाज बसवलाय सर," बाई म्हणाल्या. "खिडकीजवळ गेलं की वाजतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिला नंबर!

गाडीला अ तुकडीत पहिला बाक मिळाला. नियम असा, की बक्षिसाची वस्तू मोडायची नाही. टोकू प्रदर्शनाला गैरहजर होती म्हणून तिचं नाव पटावरून काढलं. गाडीचं घातलं. गाडी फार हुशार निघाली. एकदाही प्रश्न विचारत नाही. बगळेसर तिचं उदाहरण देतात.

सायाळबाई रोज मधल्या सुट्टीत येतात आणि जाळीतून डब्यातली पोळी एकेक घास आत सारतात. अंगातून वारा आरपार जातो त्यांच्या, पण मान ताठ असते.

परवा टोकू म्हणाली, "आई, गाडी घट्ट व्हायला लागली गं."

बाईंनी जाळीतून बोट घालून तिचे डोळे पुसले. आणि उरलेले काटे मोजले.

"घाबरू नकोस हं, बाळा," त्या म्हणाल्या. "पुढच्या इयत्तेत मोठी करू."

तात्पर्य: मुलांचा प्रकल्प मुलांनाच करू द्यावा, असं काही लोक सांगतात. त्यांचं ऐकू नये. त्यांची मुलं ब तुकडीत असतात, आणि दिवसभर नुसती बाहेर पळत असतात.