धूमकेतूच्या प्रतीचा वाद व गच्चीवरील फत्ते

ज्यांस पराक्रमाच्या कथांची हौस, त्यांनी हे वृत्त सावकाश वाचावे; लेकरांनी मध्ये शंका काढाव्या, हरकत नाही. येणेप्रमाणे मजकूर.

आकाशी नवा धूमकेतू प्रकट जाहला, आणि त्याचा मार्ग व तेज नोंदण्याची कामगिरी निवृत्त भूगोलशिक्षक, खाशी स्वारी गुरुजी, यांनी आपखुशीने शिरी घेतली, मग गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी तळ दिला, तिपाईवर दुर्बीण चढविली आणि शिकवणीची सात मुले फौजेत दाखल केली. रोज सूर्यास्तानंतर पाऊण तास लढाई चाले. गुरुजी धूमकेतूची जागा नकाशावर पेन्सिलीने मांडीत, आणि तो ज्या ताऱ्याइतका उजळ दिसे त्या ताऱ्याची प्रत त्याच्या नावे लिहून दोन्ही निरीक्षण केंद्रास कळवीत. प्रतीचा कायदा उफराटा: आकडा लहान तितके तेज मोठे. हे फौजेच्या गळी उतरविता दोन संध्याकाळी खर्ची पडल्या, परंतु गुरुजींच्या धीरास ओहोटी लागली नाही. मात्र कोणी दुर्बीण धूसर ठेविली कीं गुरुजी त्यास दटावीत.

गुरुजींचे कुटुंब बाईसाहेब, यांचा चष्मा बहुत जाड. सबब त्यांस दुर्बिणीची मनाई, आणि चहा व सतरंज्या हे खाते त्यांजकडे.

अकरा संध्याकाळी लोटल्या आणि निरीक्षण केंद्राचा खलिता आला कीं, आपण कळविलेल्या जागा बिनचूक, त्यांवरून मार्गाचे गणित पक्के करण्यास मदत जाहली. परंतु तेज आपण आठ प्रत लिहिता आणि बाकी झाडून सारे निरीक्षक सात लिहितात. सबब उद्या फेरतपासणी करून कळवावे, न कळविल्यास तेजाचे अकराही आकडे रद्द समजावे. गुरुजींचा चेहरा उतरला. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, आणि आता आपलीच वही नापास होणार, तीही फौजेदेखत. त्यात उद्यानंतर धूमकेतू सूर्याच्या उजेडात बुडणार.

दुसरे दिवशी अंधारताच गुरुजींनी निकराचा हल्ला केला. तीनदा पाहिले, तीनदा आठच. फौजेतील एका आगाऊ मुलीने मसलत दिली कीं, बाकीच्यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असेल. तीस गुरुजींनी डोळे वटारून गप्प केले, परंतु मसलत मनातून गोड लागली.

धूमकेतू मावळण्यास दहा मिनिटे उरली. तेव्हा बाईसाहेब चष्मा पुसता पुसता, मनाई धाब्यावर बसवून, तशाच दुर्बिणीत डोकावल्या.

“अहो, यात तुमचा धूमकेतू कुठला? सगळेच कापसाचे बोळे दिसतायत.”

“चष्मा लाव आणि बाजूला हो.”

“थांबा हो जरा. मधला बोळा आणि उजवीकडचा, दोन्ही अगदी सारखे उजळ आहेत. यातला तुमचा कुठला ते सांगा.”

गुरुजींनी नकाशा पाहिला. मधला धूमकेतू; उजवीकडचा तारा, प्रत सात. मग दुर्बिणीचा स्क्रू फिरवून त्यांनी आपलेही तारे मुद्दाम धूसर केले. सातच.

आता मनसुबे दोन: आजचा आकडा मुकाट्याने सात लिहावा, नाहीतर खरे बोलावे. गुरुजींनी फौज गोळा केली.

“माझे अकराही आकडे चुकले. कसे चुकले ते लिहून घ्या,” ते म्हणाले. मग कागदावर शाईचे दोन सारखे थेंब टाकिले, एक तसाच ठेविला, दुसरा बोटाने फासला, आणि दाखविले कीं, शाई तेवढीच, परंतु फासलेली फिकी दिसते. धूमकेतूचा उजेड असाच फासलेला, ताऱ्याचा टिंबात गोळा. दोहोंस आधी सारखे धूसर करावे, मगच तोलावे.

“मग इतके दिवस दुर्बीण धूसर झाली की आम्हाला का दटावलंत?” आगाऊ मुलगी म्हणाली.

“तेही लिही.”

केंद्रास जबाब रवाना जाहला: तेज सात प्रत, पाहणार बाईसाहेब, साधन दुर्बीण, चष्म्याविना, मागील अकरा आकडे आमच्याच हट्टाने चुकले, रद्द करावे. केंद्राने मान्य करून उलट हुकूम पाठविला कीं, महिन्याने धूमकेतू सूर्यापलीकडून पहाटे उगवेल, तेव्हा जागा गुरुजींनी मांडावी, तेज बाईसाहेबांनी पाहावे.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि गजराचे घड्याळ गुरुजींच्या उशाकडून बाईसाहेबांच्या उशाशी रुजू जाहले, ते दप्तरी नोंदिले असे.