तिसऱ्या टाकीच्या तळाची बखर

श्री ॥ लोखंडास जो खातो तो गंज, आणि गंजास जो झाकतो तो रंग, या उभयतांस दुरून नमस्कार असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद मासापासोन एका दौलतीत जे घडले ते जैसे पाहिले तैसे लिहिले आहे. दौलतीचे नाव सांगणे नलगे. जिच्यात टाक्या गंजतात आणि पाट्या चकाकतात ती ही दौलत, इतकी खूण पुरे.

त्या दौलतीच्या उत्तरेस बर्फाचा घाट, आणि घाटमाथ्यावर ठाणे, आणि ठाण्यात दोनशे माणूस हिवाळाभर रस्ता अडल्यावर एकटे राहे. त्यांची चूल डिझेलावर, शेगडी डिझेलावर, बर्फ लोटणारे यंत्र डिझेलावर, आणि ते सारे डिझेल घाटाखालच्या तेलकोठारातून जाई. कोठारात पाच टाक्या, एकेक दोन पुरुष उंचीची, आणि टाक्यांपासून टँकर भरण्याच्या ओट्यापर्यंत नळ, आणि या साऱ्याच्या देखभालीची मुखत्यारी अंबूबाई तांबट यांजकडे. बाई रसायनशास्त्र शिकलेली, बोलणे थोडे, आवाज कधी चढत नसे, आणि राग आला म्हणजे आकडे सांगे. तिचा नेम असा की रोज सकाळी प्रत्येक टाकीच्या बुडाशी, तोटीखाली जो खड्डा असे त्यात उकिडवे बसावे, काचेच्या बाटलीत तळाचे डिझेल काढावे आणि उन्हासमोर धरावे. कारण टाकी श्वास घेते. दिवसा तापून हवा सोडते, गार जाहली की ओढते, आणि त्या हवेतली वाफ आत पत्र्यास धरून पाणी होते, आणि पाणी डिझेलाहून जड म्हणोन तळास जाऊन बसते. बाटलीत खाली पाण्याची रेघ दिसली की बाई तोटी सोडून ते पाणी वाहू देई, आणि रेघ नाहीशी जाहली की मगच उठे. सतरा वर्षे ऐसे चालले.

त्यात तिसऱ्या टाकीचे दुखणे वेगळे. तिच्या माथ्यावरल्या झाकणाचे रबर फाटले होते आणि पावसाचे पाणी थेट आत उतरे. बाईने रबराच्या कड्यासाठी तीन वर्षांत अकरा पत्रे लिहिली. सरदार पिराजीराव यांचे चिटणीस केसोपंत यांनी अकराही पत्रांस उत्तर दिले की प्रकरण विचारात आहे, आणि एकदा तोंडी सुचविले की जुन्या टायरचे रबर कापून बसवावे. बाई म्हणाली, ते रबर डिझेलात फुगते आणि महिन्यात गळून आत पडते, तेल सोसणारे रबर पाहिजे. पंत म्हणाले, बाई, तुमचे शिक्षण फार जाहले.

मग भाद्रपदात हुकूम आला की दसऱ्यास सरदारसाहेब कोठाराची पाहणी करणार. सरदार मोठे टापटिपीचे. त्यांच्या बुटांस चिखल लागलेला कोणी पाहिला नव्हता. तेव्हां ज्या दौलतीस हातभर रबर मिळत नव्हते त्याच दौलतीस शंभर डबे पांढरा रंग चार दिवसांत मिळाला, आणि टाक्या रंगविल्या, नळ रंगविले, आणि तोट्यांवरही रंगाचे तीन थर दिले ते असे की तोटी फिरेना. आणि तोट्यांखालचे खड्डे तेलकट दिसतात म्हणोन त्यांत माती लोटली आणि झेंडू लावला, आणि झेंडूस कोणी हात लावू नये म्हणोन पहारा बसविला. अंबूबाई पंतांकडे गेली आणि म्हणाली की यंदा पाऊस थांबलेला नाही, तिसरी टाकी रोज पाणी पिते आहे, आणि उपशाचा नळ तळापासोन एक वीत उंचीवर आहे, पाणी वीतभर चढले की ते नळात शिरणार आणि टँकरात जाणार. पंत हिशेबाने हसले. म्हणाले, "बाई, पाणी आत आहे. सरदारसाहेब बाहेरून पाहणार आहेत."

पाहणीचा दिवस आला. त्या दौलतीत रीत अशी की मानकऱ्याने टाकीच्या शिडीवर चढावे, माथ्याचे झाकण उघडून चांदीच्या पेल्याने वरचे डिझेल काढावे आणि शुद्ध म्हणावे. चढणे मानाचे, खाली तोटीशी बसणे मानाचे नव्हे, म्हणोन तळाचे डिझेल कोणा सरदाराने कधी पाहिलेच नव्हते. सरदार पिराजीराव चढले, पेला भरला, डिझेल पाहिले ते पिवळेधमक आणि निर्मळ, कारण वरचे डिझेल नेहमीच निर्मळ असते. मग आज्ञा जाहली की शुद्धतेच्या दाखल्यावर शिक्का करावा. अंबूबाईने शिक्का केला नाही. ती म्हणाली, तळ पाहिल्याशिवाय मी करणार नाही. तेव्हां पंतांनी आपला शिक्का केला आणि सनई वाजली आणि पेढे वाटले. बाईने पेढा घेतला नाही. बारावे पत्र लिहिले. त्यास उत्तरही आले नाही.

कार्तिकात ठाण्याची हिवाळी भरती निघाली. नऊ टँकर, सारे तिसऱ्या टाकीतून भरलेले, आणि त्यांचा नाईक अंबूबाईचा धाकटा भाऊ शिदोजी. बाईने त्यास ओट्यावर गाठले आणि सांगितले की हे डिझेल नेऊ नको. तो म्हणाला, हुकूम आहे, न नेले तर वर ठाण्याचे लोक खातील काय. मग तिच्या तोंडाची कळा पाहोन थट्टा केली, "अक्का, तू आजवर कशाला शुद्ध म्हटलेस? माझ्या लग्नात बायकोलाही उन्हात धरून पाहिलीस."

बाई हसली नाही. म्हणाली, "शिदू, टँकरही याच डिझेलावर चालणार. प्रत्येक मुक्कामी इंजिनाची गाळणी सोड. पाणी काढल्याशिवाय पुढे जाऊ नको."

शिदोजीने तैसे केले. पहिल्या मुक्कामी गाळण्यांतून पाणी काढले, दुसऱ्या मुक्कामी काढले, परंतु चौदाव्या वळणावर थंडी ऐसी पडली की पाणी काढण्यापूर्वीच गाळणीत त्याचे बर्फ जाहले आणि चार टँकर जागीच बंद पडले. पाच वर पोचले. ते डिझेल ठाण्याच्या शेगड्यांत गेले, आणि शेगडीची नळी पेन्सिलीएवढी बारीक, तिच्यात पाणी गोठून बर्फाचा खडा बसला, आणि तिसऱ्या दिवशी एकूण एक शेगडी विझली. शिदोजी व त्याचे लोक बंद टँकरांतले डिझेल डब्यांत गाळून, डबे पाठीवर घेऊन, चालत वर गेले. पोचले तोवर अकरा जणांची बोटे काळी पडली होती आणि दोन माणसे मेली होती.

पौषात चौकशी बसली. तिसऱ्या टाकीपुढे गालिचा अंथरला, त्यावर सरदार पिराजीराव खुर्चीवर बसले, एका बाजूस ठाण्याचे लोक हातांस पट्ट्या बांधून रांगेने बसले, आणि समोर दोन शिपायांमध्ये शिदोजी उभा केला. पंतांनी आरोप वाचला की या इसमाने वाटेत डिझेल विकले व पाणी भरले, सबब नोकरी जावी व सात वर्षे तुरुंग व्हावा. शिदोजी म्हणाला, "सरकार, त्या घाटात गिऱ्हाईक कोण? कोल्हे?" रांगेत कोणी तरी हसले. मग पंत स्वतः शिडी चढले, चांदीचा पेला भरून आणिला, सर्वांस दाखविला, डिझेल पिवळेधमक. म्हणाले, कोठारात पाणी नाही, म्हणजे वाटेत भरले, आणखी पुरावा तो काय.

अंबूबाईस भावाचा चेहरा दिसत होता. तो जगात ज्या एका माणसाचे ऐकून वागला ती ती होती, आणि आता तो सात वर्षे जाणार होता. ती पुढे आली. म्हणाली, "पंत, तुम्ही वरून काढलेत. पाणी खाली बसते. हे सातवीच्या पुस्तकात आहे." मग सरदारांकडे वळोन म्हणाली की तळाचे काढावे, आणि सरकारांनी आपल्या हाताने काढावे, म्हणजे मागाहून कोणी मला खोटे पाडणार नाही.

सरदार म्हणाले, "आम्ही तोटीखाली उकिडवे बसावे?"

"होय, सरकार. मी सतरा वर्षे बसते आहे. दोन माणसे कायमची आडवी झाली. अकरा जणांना मिळून तेवीस बोटे नाहीत. एका माणसाने घटकाभर बसायचे आहे."

सरदार बसले नाहीत. मग पट्ट्या बांधलेल्यांच्या रांगेतून ठाण्याचा हवालदार उठला, त्यास उजव्या हातास अंगठ्याशिवाय काही राहिले नव्हते, तो येऊन त्या झेंडूत बसला आणि कोपराने झाडे उपटू लागला. पहाऱ्याचा शिपाई पुढे जाहला, त्याचा हात पाहिला आणि मागे सरला. अंबूबाई हवालदाराच्या शेजारी बसली, खड्ड्यातली माती उपसली, पात्याने तोटीवरचा रंग खरवडला, पाना लावला आणि अंगाचा भार टाकोन तोटी फिरविली. पाणी आले. बाटली भरली, ती पाण्याने. बादली लावली, ती पाण्याने. बाई मोजत गेली, एक, दोन, तीन, आणि दहा बादल्यांनंतर बादल्या हलवायचे सोडून वाहू दिले आणि घड्याळावर मोजले, आणि पाणी गालिच्याखाली शिरले आणि वर आले, आणि सरदारसाहेबांनी पाय उचलले, पण उशीर जाहला होता. त्या दिवशी त्यांचे बूट भिजले. पंत म्हणाले, हे कालच्या धुक्याचे असेल. त्यांजकडे कोणी पाहिले नाही.

"माझ्या भावाने यातले कुठे भरले तेवढे दाखवा," बाई म्हणाली.

शिदोजी सुटला. परंतु निकालाच्या कागदावर लिहिले की हवामानाचा दोष, दोन असामी कामी आल्या. बाईने विचारले, त्यांची नावे? पंत म्हणाले, "नमुन्यात नावाचा रकाना नाही, बाई." आणि तिने पुढे बोलू नये म्हणोन सरदारांनी तिचा सत्कार केला, शाल दिली आणि तोच चांदीचा पेला दिला. बाईने शाल खुर्चीवर ठेविली आणि पेला नेला.

ती जातीची तांबट. तिने पेला विस्तवात लाल केला, ऐरणीवर ठोकोन त्याची पट्टी केली, आणि पट्टीवर छिन्नीने दोन नावे उठविली, आणि ती पट्टी तिसऱ्या टाकीच्या तोटीखाली, खड्ड्याकडे तोंड करून, रिबिटांनी ठोकली, ती अशी की उभ्या माणसास दिसू नये. मग कोठाराच्या दाखल्याचा जो नमुना होता तो ठरविणे तिच्याच अखत्यारीत, त्यात तिने एक रकाना वाढविला: तोटीखालची दोन नावे. तो भरल्यावाचोन ओट्याची किल्ली कोणास मिळेना.

चैत्रात पुन्हा पाहणी आली. सरदार शिडी चढले, उतरले, दाखला मागितला. बाईने तो रकाना पुढे केला. सरदारांनी पंतांकडे पाहिले, पंतांस नावे ठाऊक नव्हती. सरदारांनी सभोवार पाहिले, ज्यांस ठाऊक होती ते सारे गप्प उभे. मग सरदार पिराजीराव खड्ड्यात उतरले आणि वाकले आणि बसले, आणि त्यांचे गुडघे वाजले ते सोबतच्या पलटणीने ऐकिले. वाचावयास बराच वेळ लागला. अंबूबाईने वरून बाटली पुढे केली आणि म्हणाली, "बसलाच आहात, सरकार, तर हीही भरा."

बाटलीत दोन बोटे पाणी निघाले. रबराचे कडे अद्याप आले नव्हते.

ऐसी तिसऱ्या टाकीची हकीकत. कडे त्यानंतर नवव्या दिवशी आले. तीन वर्षे, बारा पत्रे, दोन माणसे, आणि मग नऊ दिवस, इतका हिशेब वाचणाऱ्याने ध्यानी ठेवावा. त्या दोघांची नावे या बखरीत लिहिली नाहीत. ज्यास हवी त्याने कोठारात जावे, तोटीखाली उकिडवे बसावे आणि वाचावी.